सरपंचबाईंचं रक्त

“तुमची पेशंट नंबर एकेचाळीस पुरुष आहे,” पुण्याहून डॉक्टरमॅडम फोनवर म्हणाल्या.

“मॅडम, त्यांना दोन मुलं आहेत.”

“असतील. पण या रक्तात वाय क्रोमोसोम आहे. तो फक्त पुरुषांत असतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?”

नको होतं. सव्वीस वर्षं शिरूरला लॅब टेक्निशियन आहे मी. निम्म्या तालुक्याला सुई टोचून झाली आहे.

एकेचाळीस नंबर म्हणजे मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका गावच्या सरपंच, सुमनताई. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिकडे कॅम्प घ्यायचे आहेत.

आमचा प्रोजेक्ट असा होता. शरीरात कॅन्सर असला की रक्तातल्या संरक्षक पेशींची चुळबूळ सुरू होते. चोर शिरला की गल्लीतली कुत्री भुंकतात, तसंच. त्या भुंकण्याच्या ज्या खुणा रक्तात सापडतात, त्यांना इम्यून मार्कर म्हणतात. त्यांच्यावरून स्तनाचा कॅन्सर लवकर ओळखायला मदत होते का, हे पुण्याचे डॉक्टर तपासत होते. फक्त मदत. पक्कं निदान मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून आणि गाठीचा तुकडा तपासूनच.

सुमनताईंनी कॅम्पआधीच्या घरोघरच्या सर्व्हेच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ताई, काखंजवळ हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय.” म्हणून मी त्यांची पुण्याची मॅमोग्राफीची तारीख घेऊन ठेवली होती. मग रक्त पुरुषाचं कसं?

कॅम्पचा दिवस आठवला. शाळेच्या वर्गात बायकांची रांग, व्हरांड्यात पुरुषांची शुगर तपासणी. सुमनताईंचा फॉर्म आणि नंबर लावलेली ट्यूब मीच त्यांच्या नवऱ्याच्या, आप्पांच्या हातात दिली होती. “वहिनींना द्या,” मी म्हणाले आणि कामाला लागले.

व्हरांड्यात रक्त घ्यायला आमचे गायकवाड होते. पन्नाशीचा माणूस, हात हलका. त्यांना विचारलं.

“फॉर्मवर सरपंच लिहिलं होतं, खुर्चीत सरपंच बसले होते. माझं काय चुकलं?”

“सौभाग्यवती लिहिलं होतं हो!”

“सगळं गाव त्यांनाच सरपंच म्हणतं, मॅडम.”

हसू आलं, पण क्षणभरच. त्याच रक्ताचा शुगर-हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आम्ही सुमनताईंच्या नावाने पाठवला होता. सर्व नॉर्मल. म्हणजे त्या बाई निर्धास्त बसल्या असणार, आणि गाठ आपली जागच्या जागी. मला राग आला. आप्पांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. स्कूटी काढली आणि गाव गाठलं.

ग्रामपंचायतीत सरपंचांच्या नावाची पाटी, पाटीमागे खुर्ची, खुर्चीत आप्पा. गालावर रुमाल दाबून बसलेले.

“सुमनताई कुठायत?”

“झेंडू तोडायला गेलीय. बोला, मी हाय की.”

“त्यांच्या नावावर रक्त कुणी दिलं?”

“मी,” आप्पा छाती काढून म्हणाले. “सह्या मी करतो, मीटिंगला मी जातो, झेंडावंदन मी करतो. मंग येवढ्याश्या रक्ताला तिला कशाला तरास? आन् ती सुईला भेती. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून ती पुण्याची तारीख बी क्यान्सल केली.”

“तो रिपोर्ट तुमचा आहे, आप्पा. त्यांची गाठ अजून कुणी बघितलेलीच नाही.”

आप्पांनी गालावरचा रुमाल आणखी घट्ट दाबला. मग सवयीप्रमाणे म्हणाले, “बरं, मंग आता मी काय करू?”

“मॅमोग्राफीला चला. दोन प्लेटांच्या मध्ये छाती धरतात आणि वरून दाबतात. चपाती लाटल्यासारखी. सगळं तुम्हीच बघता ना?”

आप्पांचा हात गालावरून आपोआप छातीवर गेला.

आम्ही शेतात गेलो. बांधावर बसून मी सुमनताईंना सगळं सांगितलं. आधी त्या खो खो हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

“सुईला भेता तुम्ही?” मी विचारलं.

“मी? दोन पोरं झाली मला. मला कुणी इचारलंच न्हाई.” झेंडूने पिवळा झालेला हात त्यांनी पुढे केला. “घ्या रक्त. आन् कुठं सही करायची ती दावा.”

संमतीपत्रावर त्यांनी ठसठशीत, वळणदार सही केली. आप्पा बघतच राहिले. बायकोची सही त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली असावी.

चार दिवसांत पुण्याला मॅमोग्राफी झाली, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. कॅन्सर निघाला. लहान होता, पसरलेला नव्हता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आज सुमनताई ठणठणीत आहेत. आणखी दोन महिने त्या “नॉर्मल” कागदावर गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही टाळते.

आप्पांच्या रक्तातली कुत्री मात्र जोरात भुंकत होती. डॉक्टरमॅडमनी कारण विचारलं. दाढ किडली होती. म्हणून तर नुसत्या मार्करवर निदान करत नाहीत.

आता गायकवाड सुई उचलण्याआधी प्रत्येकाला विचारतात, “नाव सांगा. स्वतःचं.” मीही कुणाचा फॉर्म कुणाच्या हातात देत नाही, मग तो नवरा असो की मंत्री. धडा एवढाच: रक्त फॉर्ममधून येत नाही, माणसातून येतं.

बरं झाल्यावर सुमनताई स्वतः खुर्चीत बसायला लागल्या. पहिला ठराव केला तो पुढच्या तपासणी कॅम्पचा. खाली ठसठशीत सही केली आणि फाइल तालुक्याला पाठवली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

“ताई, फाइल परत आली. शेरा मारलाय, सरपंचांची सही जुळत नाही.”

“मग?”

“मग काय, नवी नमुना सही दिली. साक्षीदार म्हणून खाली ह्यांनी केली. स्वतःच्या नावाची सही करताना हे तीनदा चुकले.”