वॉरंटीतल्या गाडीचा नैवेद्य

माझ्या धाकट्या दिराएवढा काळजी करणारा माणूस सबंध मराठवाड्यात नसेल, आणि असलाच तर तो या घडीला कुठल्यातरी सर्व्हिस सेंटरच्या काचेला नाक लावून आपल्या गाडीकडं बघत उभा असेल. बाकीची माणसं काळजी आली की करतात. भाऊजी सकाळी उठून तोंड धुण्याआधी ती शोधायला निघतात. पाऊस नसला तर विहिरीची, असला तर भिंतीला ओल येण्याची. कुठंच काही सापडलं नाही तर माझ्या ओट्याशी येऊन म्हणतात, "वैनी, सगळं नीट चाललंय. हे काय बरं लक्षण नाय." चितेगावच्या एका कंपनीत जन्मभर त्यांनी माल तपासायचं काम केलं. दिवसभर लोखंडी कड्या हातात फिरवायच्या आणि खोट असलेली बाजूला टाकायची. नोकरी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. मी ताटात वाढलेली भाकरीसुद्धा ते आधी उलटून बघतात.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. लहानशी, पांढरी. गाडीबरोबर वॉरंटी आली. माझ्या मते त्यांनी विकत घेतली ती वॉरंटीच. गाडी तिच्यासोबत आली म्हणून ठेवून घेतली. वॉरंटीच्या पुस्तकाला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालून ते देवघरात ठेवलं. दुपारी मी डाळ निवडायला बसले की समोर बसून मोठ्यानं वाचायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला ती कलमं काय कळणार. पण ऐकून ऐकून पाठ झाली. पुराचं पाणी शिरलं तर कंपनी जबाबदार नाही. बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावला तर जबाबदार नाही. उंदरानं वायर कुरतडली तर जबाबदार नाही. एकदा मी विचारलं, "भाऊजी, मग कंपनी जबाबदार कशाला आहे?" ते बराच वेळ पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "ते पुढं असंल."

सीटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही. उन्हाळ्यात मी त्याला चिकटते आणि उतरताना सोलून निघते. गाडी झिजेल म्हणून पहिल्या वर्षी ती चालवलीच नाही. सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तिथल्या काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, गाडी चालवत जा. उभी राहून बॅटरी उतरते." झालं, नवीन काळजी. तेव्हापासून रोज संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या मैदानाभोवती भाऊजी गाडी घेऊन फिरतात, पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीनं. म्हातारे बाजूला होऊन वाट देतात. हे जात नाहीत. ओलांडून जायला वेग वाढवावा लागतो.

आवाजाचं तर विचारू नका. गाडीत त्यांना आवाज येतात. कधी डाव्या चाकात, कधी पाठीमागं. मला मागं बसवून म्हणतात, "वैनी, तुम्ही फक्त ऐका." मी ऐकते. मला फक्त भाऊजी ऐकू येतात. एकदा मात्र खरोखरच खुळखुळ आवाज आला आणि त्यांचा चेहरा उतरला. तसेच सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला मिस्त्री शेजारी बसला आणि गाडी रस्त्यावर काढली. खड्डा आला की खुळखुळ. मिस्त्रीनं दोनदा वाकून बघितलं, मग मागं वळून मला म्हणाला, "आजी, पिशवीत काय आहे?" माझी मिश्रीची डबी होती, आत एक सुटं नाणं. डबी मांडीवर धरली, आवाज गेला. घराशी आल्यावर भाऊजी म्हणाले, "डबी बंद करत जा. उद्या खरा आवाज आला तर कळायचा कसा?"

प्रत्येक सर्व्हिसिंगला मला नेतात, कारण दोन डोळे जास्त बरे. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे हे त्यांना माहीत आहे. तरी एक तर एक. फाटक उघडायच्या आधी आम्ही पोचतो. काचेच्या अलीकडं खुर्च्या असतात, लोक मोबाइल बघत बसतात. भाऊजी उभे. गाडी वर उचलली की यांच्या टाचा उचलतात. मी मिस्त्रीसाठी धपाटे करून नेते, तीसुद्धा त्यांचीच अट: पोट भरलेला माणूस बोल्ट नीट पिळतो. मिस्त्रीनं धपाटे खाल्ले की यांना त्याच्या तेलकट हातांची काळजी.

हा माणूस असा का झाला ते आताच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला कोड्यात पडायला नको. आम्ही मूळचे पिशोरचे. भाऊजींच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा गावातल्या एकाची जीप मागून आणली आणि शहराकडं निघालो. मी बरोबर होते. वेशीवरच्या मारुतीला नारळ फोडायला सासूबाईंनी जीप थांबवली. ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि जीप काही केल्या सुरू झाली नाही. ढकलली, चढावर नेऊन सोडली, तरी नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत पोरगी माझ्या पदरात आली होती आणि तिची आई गेली होती. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्या काळी सगळेच थांबायचे. भाऊजींनी पुन्हा लग्न केलं नाही. पोरगी मी वाढवली. ती मला मोठी आई म्हणते. आता ती वैजापूरला सासरी असते आणि यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. सातव्या महिन्यात तिला आणायची, आणि आणायची ती याच गाडीतून. गाडी घेतली ती याच कामासाठी का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे गाड्या धुतात, हार घालतात, हळदीकुंकू लावतात. आमच्या भाऊजींना तेवढ्यानं भागलं नाही. म्हणाले, "गाडीचा जीव इंजिनात असतो. बंपरला नैवेद्य दाखवून काय उपयोग?" म्हणून त्यांनी पुढचं झाकण उघडलं, इंजिनाजवळ झेंडूचं फूल ठेवलं, करवंटीसकट खोबऱ्याच्या वाटीत गूळ घालून ती आत ठेवली, हात जोडले आणि झाकण लावलं. संध्याकाळी काढायचं ठरलं होतं. पण झाकण सारखं उघडून बिजागरी झिजते, ही काळजी संध्याकाळी वरचढ ठरली. "सर्व्हिसिंगला उघडतीलच की," म्हणाले. ज्या माणसानं मला उंदराचं कलम तोंडपाठ करायला लावलं, त्यानंच गाडीत उंदराचं ताट वाढून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात गाडीत समोर पिवळा दिवा लागला. तो विझेना. भाऊजी जेवेनात. वॉरंटीतलं शेवटचं सर्व्हिसिंग तसंही आलंच होतं, आम्ही गेलो. यावेळी काचेच्या अलीकडं उभं राहायची गरज पडली नाही. मॅडमनीच आत बोलावलं. झाकण उघडं होतं. खोबऱ्याची वाटी कुरतडून रिकामी झाली होती, करवंटीच काय ती उरलेली. शेजारी कापसाचा, कागदाचा बिछाना. आणि वायर अशी सोललेली, जणू कुणी शेंगा सोलायला बसलं होतं.

"सर, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"नैवेद्य," भाऊजी म्हणाले.

मॅडम भल्या होत्या. हसल्या नाहीत. त्यांनी भाऊजींच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, ही करवंटी मी बघितली नाही. वायर खराब निघाली असं लिहिते. वॉरंटी अजून चालू आहे, होऊन जाईल."

इतका वेळ सर म्हणणारी बाई काका म्हणाली, एवढ्यावर कुणीही हो म्हटलं असतं. मी तर मान हलवलीसुद्धा.

"नाय ताई," भाऊजी म्हणाले. "उंदीर लिहा."

"मग तुमच्या खर्चानं होईल."

"होऊ द्या. वायर कधी येईल तेवढं सांगा."

वायर पुण्याहून यायची होती. चार दिवस लागतील, आठ लागतील, सांगता येत नाही. गाडी तिथंच ठेवून आम्ही रिक्षानं निघालो. मी तापले होते. म्हटलं, "ती बाई आपण होऊन देत होती. तुम्हाला काय पुण्य लागलं होतं?"

ते रिक्षाच्या बाहेर बघत होते. "जन्मभर खोटा माल बाजूला काढला वैनी. आता खोटं लिहून दुरुस्त केलेल्या गाडीत पोरीला बसवू? रस्त्यात तिनं आठवण ठेवली म्हणजे?"

"कुणी, पोरीनं?"

"गाडीनं."

मी रिक्षावाल्याला पुढं बघून चालवायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मला पुन्हा नकोत. पोरीचा सातवा सरत आला होता. आठव्यात आमच्याकडं गरोदर बाईला हलवत नाहीत. सातवा उलटला की ती तिकडंच राहणार. विहीणबाईंचा फोन, कधी येताय. जावयाचा फोन, "मामा, मीच आणून सोडतो की माझ्या गाडीतून." जावयाची गाडी कांदा वाहायची, आणि निम्म्या वेळा तिला ढकलून चालू करतात. भाऊजींनी फोन ठेवून दिला. दुसऱ्याची गाडी भाड्यानं करा म्हटलं तर म्हणाले, "तिच्यात काय आहे ते मला ठाऊक नाय." रोज सकाळी ते सर्व्हिस सेंटरला जाऊन यायचे. गाडी उघड्या तोंडानं उभी, हे तिच्यापुढं उभे. परत आले की मी तोंडाकडं बघायची आणि विचारायचं टाळायची. एक दिवस दुपारी देवघरातून आवाज येईना म्हणून डोकावले. पुस्तक मांडीवर उघडं होतं, वाचत नव्हते. "सासूबाईंनी नारळ घरीच फोडला असता तर," एवढं म्हणाले आणि उठून गेले. इतक्या वर्षांत तो विषय त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी भाजीला फोडणी घातली. दुसरं काय करता येतं?

वायर आली. गाडी मिळाली ती सातवा संपायच्या अगदी तोंडाशी. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच आम्ही निघालो. निघताना मी नारळ हातात घेतला होता, तो भाऊजींनी घरातच फोडायला लावला, देवघरासमोर, गाडीला चावी लावायच्या आधी. वाटेत मैदानातले म्हातारे चालत होते. त्या दिवशी भाऊजींनी त्यांना ओलांडलं.

वैजापूरला विहीणबाई दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. मी उतरले. भाऊजी उतरेनात. इंजिन चालू.

"इवाई, उतरा की. चहा तरी घ्या," विहीणबाई म्हणाल्या.

"इथंच द्या."

"अहो, गाडी बंद करून या आत. पोरीची ओटी भरायची आहे, वेळ लागेल."

"भरा निवांत. मी हाय इथं."

ओटी भरली, जेवणं झाली, आणि बाहेर गाडी घुरघुरत उभी. भाऊजींचं ताट खिडकीतून आत गेलं आणि खिडकीतून बाहेर आलं. गल्ली जमली. विहीणबाईंचं तोंड फुगलं; व्याह्यानं उंबरा ओलांडला नाही म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मी त्यांना सांगितलं, गुडघा धरलाय त्यांचा, उतरता येत नाही. गाडी माझी नव्हती, मला खोटं बोलायला हरकत नव्हती. निघताना विहीणबाईंनी चाकापुढं नारळ फोडायला काढला, तेव्हा मात्र माझ्याच काळजात लक्क झालं. भाऊजी काच खाली करून म्हणाले, "फोडा, पण मी बंद करणार नाय." नारळ फुटला. गाडी घुरघुरतच होती.

येताना पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. प्लास्टिक चुरचुरत होतं. एकदा जागी होऊन म्हणाली, "पप्पा, थांबा ना जरा, भजी खाऊ." भाऊजी म्हणाले, "घरी करून घालंल मोठी आई." पोरगी मला हळूच म्हणाली, "पप्पांना झालंय काय?" मी म्हटलं, "उंदीर." ती हसली आणि परत झोपली. तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितलेली आहे, पण नारळाची नाही.

घर आलं. मी तिला हाताला धरून उतरवलं, आत नेऊन बसवलं, उशीला टेकवलं, पाणी दिलं. बाहेर इंजिन चालूच. मी फाटकाशी गेले. भाऊजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.

"भाऊजी, आता बंद करा."

"उतरली ती?"

"उतरली. आत पाय लांबवून बसली पण."

त्यांनी चावी फिरवली. सकाळपासूनची घरघर थांबली आणि गल्ली एकदम मोकळी वाटली. मग पुन्हा चावी फिरवली. गाडी तत्काळ सुरू झाली. त्यांनी बंद केली. पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू.

"चालू होते बघा वैनी," ते म्हणाले. "एका चावीत होते."

मी सीटवर राहिलेला ओटीतला नारळ उचलला आणि आत गेले. भज्यांचं पीठ कालवायला घेतलं, तर मागं गाडी अजून एकदा सुरू होऊन बंद झालेली ऐकू आली.