आरशांचा कोट

गाणे कानांनी ऐकायचे असते, हे माझ्या थोरल्या आक्काच्या धाकट्या दिरांना उभ्या आयुष्यात पटले नाही. आक्काच्या यजमानांना आम्ही दाजी म्हणत असू, म्हणून हे धाकटे दाजी. त्यांच्या मते गाणे ही बघायची वस्तू होती, आणि ती नीट बघायची तर गाणारा विलायती हवा, त्याचे केस खांद्यावर रुळणारे हवेत आणि अंगावर निपाणीच्या बाजारात न मिळणारे काहीतरी हवे. अडचण एवढीच होती की सत्तरच्या दशकात बेळगावात असा गायक बघायची सोय नव्हती. धाकटे दाजी एका सरकारी कचेरीत कारकून होते, मी वर्तमानपत्रात बातम्या तपासत असे आणि आम्ही दोघे बेळगावातल्याच शहापुरात एका खोलीत राहत होतो. त्या खोलीत एक ट्रान्झिस्टर, एक पत्र्याची ट्रंक आणि विलायती तबकड्यांची रंगीत पाकिटे होती. तबकड्या नव्हत्या. कॅम्पातले एक लष्करी कुटुंब बदली होऊन जाताना तबकड्या घेऊन गेले आणि फाटकी पाकिटे मागे टाकून गेले. ती दाजींनी उचलून आणली, खळीने चिकटवली आणि भिंतीवर ओळीने लावली. ट्रान्झिस्टरवर गाणे लागले की ते त्या गायकाचे पाकीट खाली काढून समोर धरत. गाणे कुणाचे ते कळले नाही, तर ज्याचे कपडे आवाजाला शोभतील त्याचे धरत.

गाण्यातले शब्द त्यांना कळत नसत आणि त्याचे त्यांना दुःखही नव्हते. "अर्थ कळून काय करायचाय, पाव्हणं? त्येचा हात कुठं चाललाय ते बघा," ते म्हणत. रेडिओवर हात कसा दिसतो, असे मी एकदा विचारले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "आवाज एवढा वर गेला. हात खाली ठेवून जाईल व्हय?" परदेशी स्टेशन लाटांवर हेलकावत यायचे आणि ऐन रंगात खरखरीत बुडून जायचे. अशा वेळी मी बटण पिळू लागलो की ते मला थांबवत आणि खरखर चालू असताना खांदे, मान आणि उजवा हात गाण्यातल्यासारखे हलवत राहत. "आवाज गेलाय. गाणं न्हाय गेलं. त्यो तिकडं गातोयच की." पुष्कळदा आवाज परत येई तेव्हा गाणे संपून बातम्या सुरू झालेल्या असत आणि दाजी बातम्यांवर ताल धरून उभे असत.

आपल्याकडच्या गाण्याचा त्यांना तिटकारा होता असे मात्र नाही. मी त्यांना एकदा एका मोठ्या बुवांच्या मैफलीला घेऊन गेलो. बुवा हातवारे करून गाणारे होते. दाजी पुढे सरकून सरकून पार तंबोऱ्याजवळ पोचले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांचे मत विचारले. बराच वेळ चालल्यावर ते म्हणाले, "हात बरोबर हाय. शर्ट न्हाय." गावच्या भजनी मंडळींना त्यांनी उभे राहून गाण्याचा सल्ला दिला होता, तेव्हापासून त्यांना भजनाला बोलावणे बंद झाले. त्यांच्या बेलबॉटमचा घेर एवढा की सायकलच्या साखळीत तो अडके. त्यावर उपाय म्हणून ते पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावून कचेरीत जात आणि काढायला विसरत. धारवाडकडच्या त्यांच्या साहेबांनी त्यांना कन्नडमध्ये विचारले होते, की हे तुझ्या गावचे दागिने का? दाजींनी तितक्याच आदराने कन्नडमध्ये होय म्हणून सांगितले.

लोकांचे हसणे त्यांनी असे झेलले. न सोसणारी गोष्ट एकच होती. त्यांचे वडील, आप्पा, निपाणीजवळच्या गावी तंबाखूची शेती करत. उंच, अबोल, पटका कधी वाकडा न होऊ देणारा माणूस. धाकटे दाजी सुट्टीला गावी गेले की आप्पा त्यांच्या केसांकडे एकदा बघत आणि तोंड फिरवून गोठ्यात जात. "पोरगं नाचं निघालं," एवढे एकदा ते थोरल्या दाजींजवळ बोलले होते आणि ते आक्कामार्फत आमच्या खोलीपर्यंत पोचले होते. त्या संध्याकाळी ट्रान्झिस्टर लागला नाही. "आप्पांनी एकदा नीट बघितलं तर कळंल त्यास्नी," दाजी म्हणाले. "पण ते बघतच न्हाईत."

आप्पांनी बघावे म्हणून काहीतरी बघण्यासारखे करायचे, असे त्यांनी ठरवले. भिंतीवरच्या एका पाकिटावर त्यांचा सर्वांत लाडका गायक उभा होता. त्याच्या अंगात टोकदार कॉलरचा, आरसे जडवलेला, सोनेरी झालरीचा लाल कोट होता. असे कापड दाजींनी खडेबाजारातल्या सगळ्या दुकानांत धुंडाळले. चमकीचे कापड मिळे, पण त्याला वजन नसे. पुढे आषाढ लागल्यावर एके दिवशी कॅम्पातल्या शिंप्याकडून ते खरेच तसला कोट घेऊन आले. लाल मखमल, गोल आरसे, जरीची झालर. कापड कुठे मिळाले, या प्रश्नाला त्यांनी "घरचंच हाय" असे उत्तर दिले. ते खरे होते.

त्याच सुमारास आक्काचा निरोप आला, रविवारी दोघेही जेवायला या. दाजी कोट घालून एस.टी.त बसले. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा शेंगा विकणाऱ्या बाईने खिडकीतून विचारले, "सर्कस कुठं उतरलीया, दादा?" दाजींनी हसून शेंगा घेतल्या. गावात शिरताना मात्र त्यांची चाल मंदावली. वेशीत एक बैल उभा होता. त्याची शिंगे हिंगुळाने रंगवलेली होती आणि त्यांवर बेगड होती. पलीकडे आणखी एक जोडी तशीच सजत होती.

"पाव्हणं, आज काय हाय?"

"बेंदूर," मी म्हणालो.

"बेंदूर झाला की. मी बेळगावात बैलं बघितली न्हवं गेल्या महिन्यात."

आमच्या भागात बैलांचा हा सण दोनदा येतो. कन्नड मुलखाचा ज्येष्ठात, आणि मराठी घरांचा त्यानंतर महिन्याने, आषाढात. शेतकऱ्याचे शाळकरी पोरही यात चुकत नाही. दाजी चुकले होते. बेळगावच्या रस्त्यावर कर्नाटकी बेंदराचे बैल बघून त्यांनी समजूत करून घेतली, की सण उरकला, आता झूल वर्षभर पेटीतच पडणार. पुढच्याच रविवारी आप्पा रानात असताना ते गावी आले आणि हरण्या बैलाची झूल घेऊन गेले. वर्षाच्या आत नवी करून ठेवायची, असा त्यांचा हिशोब होता. तिच्यावरचे आरसे त्यांच्या वारलेल्या आईने एकेक करून टाचले होते.

आम्ही अंगणात पाय ठेवला तेव्हा आप्पा उघड्या पेटीपुढे बसले होते. सोन्या बैल झूल घालून तयार होता. त्याच्या शेजारी हरण्या रंगवलेल्या शिंगांनी उघडाच उभा होता. जोडीतला एक सजवलेला आणि एक उघडा, ही त्या दिवशी दारात अशुभ मानावी अशी गोष्ट. आक्का मला बघून काही बोलणार होती, तेवढ्यात तिला माझ्यामागचा कोट दिसला. थोरले दाजी एवढेच म्हणाले, "काढ ते." धाकट्या दाजींनी कोट काढला आणि बनियनवर उभे राहिले. हरण्याने मान लांबवून कोटाची बाही चाटली. झूल त्याने ओळखली होती.

आप्पांनी कोट हातात घेऊन उलटासुलटा केला. एका आरशावरून अंगठा फिरवला, मग एक बाही उचलून धरली. त्या दिवशी त्यांनी धाकट्या मुलाकडे तोंड न फिरवता पाहिले, पण असे पाहणे दाजींनी मागितले नव्हते.

"ह्येला हात कशाला काढलंस?"

"गाणारा हात हलवतोय, आप्पा."

"बैल न्हाय हलवत."

बाहेर हलगी सुरू झाली. आप्पा उठले, त्यांनी कोट हरण्याच्या पाठीवर टाकला आणि दोन्ही बाह्यांची गाठ त्याच्या गळ्याखाली मारली. टोकदार कॉलर वशिंडावर उभी राहिली. "चला," ते म्हणाले.

गावाने असा बैल पाहिला नव्हता. लोक दारांतून बाहेर आले. "आप्पा, हरण्याला नोकरी लागली काय?" "बदली कुठं झाली रं, बेळगावला?" एकाने तर बैलाला साहेब म्हणून रामराम घातला. आप्पांनी कुणाकडे पाहिले नाही आणि पावलही भरभर टाकले नाही. सगळा गाव हसत असताना तो माणूस कासरा धरून रस्त्याच्या मधोमध असा चालत होता, की जणू बैलाने याहून दुसरे काही घालायचेच नसते. वेशीत हलगी टिपेला पोचली. आप्पा थांबले, डावा हात बैलाच्या पाठीवरच्या आरशांवर ठेवला आणि उजवा सावकाश वर नेऊन पटका सारखा केला. हसणे विरत गेले. कुणीतरी हलगीवाल्याला म्हणाले, वाजव रं.

धाकटे दाजी थोरल्या भावाचा सदरा अंगात अडकवून माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझे मनगट धरले. "हात बघा," ते म्हणाले. "हात बघा, पाव्हणं."

परतताना आप्पा त्यांच्याजवळ आले आणि हरण्याचा कासरा त्यांच्या हातात दिला. कोट त्यानंतर झूल म्हणूनच राहिला, बाह्यांसकट. आप्पांनी तो उसवू दिला नाही. दर बेंदराला तो हरण्याच्या अंगावर चढे आणि कासरा धाकट्या दाजींच्या हाती असे. गावाला पुढे त्याची सवय झाली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आप्पा गेले. हरण्या त्यांच्या आधीच गेला होता आणि शेजारच्याचा ट्रॅक्टर रान नांगरून देऊ लागला होता. मी भेटायला गेलो तेव्हा कोट रिकाम्या गोठ्यात खुंटीला होता, आरशांवर धूळ नव्हती. धाकट्या दाजींचे केस विरळ झाले होते. ट्रान्झिस्टर मांडीवर होता आणि खरखरीतून एक विलायती आवाज वर चढत होता.

"आता घालत का नाही?" मी कोटाकडे बघत विचारले. "अजून बसेल तुम्हाला."

"बसतोय की," ते म्हणाले. "घालून बघितलाय मी. पण तेवढं ताठ चालता यायला पायजे न्हवं."