झाडाला तीन, रोपाला दोन

आबांनी मला कधी 'राम राम' घातला नाही की 'बऱ्या आहात का' विचारलं नाही. शाळेच्या फाटकाशी गाठ पडली की त्यांचा एकच सवाल असायचा, "बाई, नंबर कितवा?" नातू ज्युनिअर केजीत. वय वर्षं चार. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला, निम्मी पोरं अजून आईच्या नावानं भोकाड पसरतायत, एकानं माझ्या ओढणीला नाक पुसलेलं, आणि हे विचारतायत नंबर कितवा! रडण्यात विचारताय का आबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

नंबराचं त्यांना वेडच होतं. त्यांची सून सांगायची, दाताच्या डॉक्टरकडं नेलं तर खुर्चीत बसल्या बसल्या आबांनी त्याला विचारलं, कॉलेजात नंबर कितवा यायचा? डॉक्टर बिचारा हसून म्हणाला, "पास झालो आबा, तेच खूप झालं." आबा तोंड मिटून खुर्चीतून उठले ते थेट घरी. दाढ पुढे महिनाभर ठणकत होती. मलाही त्यांनी पहिल्याच पालकसभेत सगळ्यांदेखत विचारलं होतं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "डी.एड.ला दुसरी आले होते." आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंग पैली आलेली बाई कोण्या शाळेत हाय?" असला माणूस!

ते मूळचे पिशोरचे. शेत बटईनं कसायला दिलेलं, मुलगा वाळूजला कंपनीत, सून दवाखान्यात नोकरीला. म्हणून नातवाची, स्वराजची, ने-आण करायला आबा शहरात येऊन राहिले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि आवाज करण्यात जिचा नक्की पहिला नंबर आला असता अशी जुनी स्कूटर. शाळा सुटायच्या कितीतरी आधी येऊन फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली उभे राहायचे. तिथं जमणाऱ्या बायकांना गप्पांत शेतातले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा वाटायचे. सगळ्या पोरांची नावं त्यांना पाठ होती. कुणाला खोकला झालाय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, मला कळायच्या आधी लिंबाखाली कळलेलं असायचं.

त्या वेडाचं मूळही त्यांनीच मला सांगितलं होतं, एकदा नाही, चांगलं पाच-सहा वेळा. चौथीत त्यांचा पहिला नंबर आला तेव्हा मास्तरांनी त्यांना पुढं घालून सगळ्या गावातून फिरवलं होतं. त्यांच्या वडलांनी घरोघर पेढा दिला. पुढं शाळा सुटली ती सुटलीच, औत धरावं लागलं. "पण तो दिवस हाय ना बाई," आबा म्हणायचे, "तो कोणी काढून घेऊ शकत नाय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला पुढचं बोलवायचं नाही. मी पडले हळवी, आणि तिथंच माझं चुकायचं.

कारण बोलायचं तर खूप होतं. त्याच वर्षी आमच्या शाळेनं केजीतले मार्क आणि नंबर बंद केले होते. प्रगतिपत्रकात मुलाला काय काय यायला हवं ते एकेका ओळीत लिहिलेलं. आपली पाळी येईपर्यंत थांबतो. दहा वस्तू मोजून देतो. बूट स्वतः घालतो. गोष्ट ऐकून पुढं काय होईल ते सांगतो. डब्यातलं मित्राला देतो. वर्गासमोर बोलतो. आणि प्रत्येक ओळीपुढं एक चित्र. नुकती सुरुवात असेल तर बी, मदतीनं जमत असेल तर रोप, आपलं आपण जमत असेल तर झाड. मूल दुसऱ्या मुलाशी ताडून बघायचंच नाही, त्या ओळीशी बघायचं. इतकं सोपं आहे हो! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर तिला एका दमात कळलं. पण मोठ्या मॅडमनी पालकांना समजावायचं काम माझ्या गळ्यात मारलं, म्हणे तुमची मराठीही चांगली आणि हिंदीही, आणि तिथून माझ्या घशाची वाट लागायला सुरुवात झाली.

सभेत मी तासभर बोलले. शेवटी विचारलं, काही शंका? अरहानची अम्मी उठली. शहागंजात त्यांचं बांगड्यांचं दुकान, बाई बोलायला मोठी गोड. म्हणाली, "टीचर, ये पेड-पौधे सब अच्छे हैं, मेरेकू बस इत्ता बोलो, पास है के फेल?" मी कपाळाला हात लावला. मग शेतकऱ्याला शेतातलं सांगावं म्हणून मोठ्या आशेनं आबांकडं वळले. "आबा, मूग लवकर येतो, तूर उशिरा येते. मग तूर नापास म्हणायची का?" सगळी सभा माना डोलवायला लागली. आबा शांतपणे म्हणाले, "मूग येगळा, तूर येगळी. हे तर समदे एकाच वयाचे हायेत. एका वाणाची तूर एका दिवशी पेरली, न शेजाऱ्याची कमरेला लागली न मव्ही गुडघ्याला, तर म्या बघायचं का नाय?" डोलणाऱ्या माना तशाच डोलत त्यांच्या बाजूला गेल्या.

मी हार मानणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली गाठलं त्यांना. "आबा, स्कूटरचं लायसन्स काढलं तेव्हा काय बघितलं? गाडी चालवता येते का, एवढंच ना? का त्या दिवशी आलेल्यांत नंबर काढला?"

"नाय काढला," आबा म्हणाले. "म्हणून तर जालना रोडला रोज एवढे पडतात."

बायका खो खो हसल्या. मीही हसले, काय करणार! पण आत असा संताप झाला होता की वर्गात जाऊन मी फळा तीनदा पुसला, कोरा होता तरी.

दिवाळीच्या आधी पहिलं प्रगतिपत्रक दिलं. मी दोन आठवडे खपून प्रत्येक मुलाची नोंद लिहिली होती. स्वराज तसा गप्प पोरगा. चार महिने वर्गात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आणि पत्रकं भरायच्या आठवड्यात एक दिवस तो आपला आपण उठला, सगळ्यांसमोर आला आणि म्हणाला, "आमची शेळी पिशोरला आहे. ती मला ओळखते." बस, एवढं बोलून खाली बसला. मला तर काय करू नि काय नको असं झालं. 'वर्गासमोर बोलतो' पुढं मी बीच काढली, कारण सुरुवातच होती ती, पण खाली नोंदीत ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहिली आणि पुढं लिहिलं, आता याला घरी रोज बोलू द्या.

पत्रकं वाटून झाली आणि थोड्या वेळानं बाहेर गलका ऐकू आला. खिडकीतून बघते तर लिंबाखाली ही गर्दी. आबा मध्ये ओट्यावर बसलेले, चष्मा नाकावर, आणि बायका एकेक पत्रक त्यांच्या हातात देतायत. आबांनी तोडगा काढला होता. झाडाला तीन, रोपाला दोन, बीला एक. बेरीज करायची आणि नंबर लावायचा. मी पायऱ्या उतरेपर्यंत निकाल जाहीरसुद्धा झाला होता. ओवी पहिली. पेढ्याचा बॉक्स बरोबर आणलेलाच होता, पहिला पेढा ओवीच्या तोंडात. आणि माणूस खरा इतका की स्वतःच्या नातवालाही सोडलं नाही. "आमचा स्वराज शेवटून दुसरा. खरं ते खरं." स्वराज त्यांचा पायजमा मुठीत धरून उभा होता. शेवटचा आला होता अरहान. त्याची अम्मी इतकी गोड बाई, पण तिनं तिथंच त्याचा दंड धरून त्याला हिसडा दिला.

"आबा! काय चालवलंय हे?" माझा आवाज चढला तो पार रस्त्यापर्यंत गेला असणार.

आबांना खरोखर कळेना मी कशाला चिडले. उलट लहान मुलाला समजवावं तसं मला म्हणाले, "तुमाला येळ झाला नसंन म्हणून म्या काढून दिलं. तुमी नुसता शिधा दिला बाई. सैपाक म्या केला."

आणि नोंद? ती वाचलीत का? तर नाही. तिथं झाड नव्हतं, रोप नव्हतं, मग तिला मार्क किती द्यायचे?

दिवाळीनंतर स्वराज वर्गात उठला नाही. मी शेळीचं विचारलं, शेळीचं चित्र आणलं, मी स्वतः शेळीसारखी बेंबें ओरडले. शेवटी जवळ घेऊन विचारलं तर पुटपुटला, "मला नाही येत. माझा नंबर शेवटून आहे." मी त्याच दिवशी आबांना वर्गात बोलावलं. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले बिचारे. सगळं सांगितलं. तो बोलला होता आबा, आणि तुमच्या त्या नंबरानं त्याची वाचा बसली. आबा खाली बघत ऐकत राहिले. मला वाटलं, चला, देवाची कृपा, पोचलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून दशम्या घेऊन आले, डबा हातात दिला आणि हळूच विचारलं, "मंग बाई, बोलण्यात कितवा हाय तो?"

त्या दशम्या मी रागारागात खाल्ल्या. फार सुंदर झाल्या होत्या.

वर्ष संपताना ते दाखला मागायला आले. छावणीकडं एक शाळा होती, दर महिन्याला परीक्षा आणि दर महिन्याला नंबर. मी म्हटलं, आबा, एक वर्ष थांबा, तो बोलायला लागेल, मी लावते त्याला बोलायला. आबा म्हणाले, "तुमी लेकराला लई जपता बाई. उद्या जग जपन का त्याला?" यावर माझ्याकडं भांडण होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाणी असलं की मला भांडता येत नाही. जाताना त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे दिले. स्वराजनं माझ्याकडं बघून हात हलवला. तोंड मिटलेलं. स्कूटरचा आवाज जाईपर्यंत मी फाटकात उभी होते. चडफडत होते, दुसरं काय!

आबा गेले, पण त्यांचा लिंब राहिला. प्रत्येक पत्रकाच्या दिवशी बायका तिथं जमायच्या आणि आबांच्या हिशेबानं नंबर लावायच्या. मग सभेत म्हणायला लागल्या, आम्ही काढतोच आहोत तर तुम्हीच का काढत नाही? दोन मुलं शाळा सोडून गेली, मग आणखी काही. संचालकांचा धीर सुटला. मी तावातावानं बोलले, मोठ्या मॅडमच्या खोलीत रडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. आमच्या पत्रकावर चित्रं आहेतच, पण यंदापासून खाली एक चौकट आहे, गुणानुक्रम. मार्क कसे धरायचे असा प्रश्न निघाला तेव्हा एक संचालक म्हणाले, सोपं आहे, झाडाला तीन, रोपाला दोन, बीला एक.

आणि या जूनमध्ये आबा आले. हातात काठी, अंगानं पार उतरलेले, आणि बोट धरून एक चुणचुणीत पोरगी. स्वराजची धाकटी बहीण, परी. समोर बसले आणि चक्क म्हणाले, "राम राम बाई." मला चुकल्याचुकल्यासारखंच झालं. तरी माझा स्वभाव, मी सोडते होय! म्हटलं, "आबा, आधी सांगा, स्वराजचा नंबर कितवा?"

"चवथा," आबा म्हणाले. पेढा नाही, हसू नाही. थोडा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. "पण कशात चवथा, ते कोणी सांगत नाय बाई. घरी आला का म्या ईचारतो, बाळा, आज काय शिकला? तर म्हणतो, चवथा. दोस्त कोण तुझा? तर गप. शेळीला पिल्लं झाली, तर तिच्यासंगंबी बोलला नाय. तुमी लिव्हायच्या ना, डब्यातलं दोस्ताला देतो. तवा म्या हासायचो, हे काय मार्क झाले का म्हणून. आता तेच कळना झालंय, देतो का नाय."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. हाच माणूस का हा, ज्याच्यामुळं मी कोरा फळा पुसला होता! मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी परीला पुढं केलं. "हिला इथंच घ्या. तिकडं नाय घालायची. तुमच्याकडं नंबर नसतो ना, म्हणून आलो."

आता यांना काय सांगू? टेबलावर नवीन पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातलं एक काढून मी त्यांच्यापुढं ठेवलं आणि खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. "देतो आबा. यंदापासून देतो. तुम्ही लिंबाखाली काढायचात ना, अगदी तसाच. झाडाला तीन, रोपाला दोन."

आबांनी चष्मा लावला. चौकट बघितली, मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत प्रथमच ते माझ्यावर चिडले होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमी मव्हं ऐकलं कामून?"