नदीकडच्या दरवाजातलं आग्यामोहोळ

आमचं घराणं अत्तर विकणाऱ्यांचं. पाहुण्याला अत्तर न लावता उंबरठ्याबाहेर सोडणं म्हणजे आमच्यात त्याचा अपमान. लग्नानंतर नवा जावई हैदराबादहून पहिल्यांदा चंद्रपूरला आला, तेव्हा मी त्याच्या मनगटाला, मानेला सढळ हातानं मोगरा लावला आणि त्याला गाव दाखवायला निघालो. गावाचा मला भारी अभिमान. गोंड राजांच्या समाध्या झाल्या, गावाभोवतीच्या परकोटावरून फिरणं झालं. चालता चालता जावई म्हणाला, लहानपणी त्याला मधमाशी चावली तेव्हा घसा सुजून तो मरता मरता वाचला होता. पुन्हा चावली तर खैर नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी हळहळलो आणि परत राजांच्या गोष्टी सुरू केल्या. तोंडाला लगाम नाही, ही माझी जुनी खोड.

नदीकडच्या दरवाजावरचा, हत्तीवर चढलेला दगडी सिंह दाखवायला मी बोट वर केलं. शेजारीच कमानीत सुपाएवढं आग्यामोहोळ लटकत होतं. रोज जातायेता मी ते बघतो, पण दिसलं त्या क्षणी.

तेवढ्यात एक माशी जावयाच्या मानेवर बसली. मग दुसरी.

जावयानं डोळे मिटून माझा हात घट्ट धरला. मला मुलीचा चेहरा दिसायला लागला. माशी झटकायला मी दुसरा हात उचलला, तशी कमानीखाली मोहफुलं विकणारी जंगलाकडची बाई दबक्या आवाजात म्हणाली, "मारू नोको भाऊ! एक मेली का सारं मोहोळ येते."

ती जवळ आली, वास घेतला.

"अत्तर लावलं ना तुमी याले? काऊन लावलं? त्या वासानंच येऊन राह्यल्या!"

तिनं पाण्यात माती कालवली आणि हळूहळू त्याच्या मनगटावर, मानेवर लिंपली. एक माशी उडाली. दुसरी कानाच्या पाळीवर चढली. मी मनात अल्लाला हाका मारत होतो. किती वेळानं कोण जाणे, तीही उडाली. एकेक पाऊल मागे घेत आम्ही बाहेर पडलो.

जावयाला मराठी कळत नाही. बाई काय म्हणाली, असं त्यानं विचारलं.

"हलू नका म्हणाली," मी सांगितलं.

सासऱ्यानं हात सोडला नाही म्हणून वाचलो, असं तो अजून सगळ्यांना सांगतो. परवा ईदला आला, तेव्हा दुकानात शिरताच त्यानं हसत मनगट पुढं केलं.

"संपलंय," मी म्हणालो. माझ्या पाठीमागे भिंतभर बाटल्या होत्या.