भिडस्त कार्लीनची शाळेतली बैठक

उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात माणसं इतकी सभ्य आहेत, की घराला आग लागली तरी बंबवाल्यांची झोपमोड होईल म्हणून जरा थांबतील. त्यातही माझी थोरली बहीण कार्लीन हौगडाल म्हणजे सभ्यतेचा कळस. आणि या बाईला शाळेत जाऊन काहीतरी मागायचं होतं.

तिची ब्रिटा आठ वर्षांची. बोलते मोजकं, पण कान फार तिखट. शाळेच्या जेवणघरातला गोंगाट तिला सोसत नाही. दोन्ही हात कानांवर ठेवून ती टेबलाखाली बसते. मग घास कोणत्या हाताने घेणार? वर्गात तिच्यासोबत मदतनीस असते, जेवणाच्या सुट्टीत नसते. जेवणाला शाळा शिक्षण मानत नाही म्हणे. अशा मुलांचा वर्षभराचा आराखडा पालकांना बोलावून ठरवतात. त्यात मदतनीस लिहून घेतली तर मिळते, नाहीतर वर्षभर टेबलाखाली.

स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. मी शाळेचा साहेब.

"बोला बाई, काय हवंय?"

"तुमची काही अडचण नसेल, म्हणजे जमलंच तर..."

"कार्लीन, तू मदतनीस मागतेयस की माझी किडनी?"

"तुझी किडनी फुकट दिलीस तरी नको."

पण बाई चिकाटीची. आठवडाभरात तिला एक सरळ वाक्य यायला लागलं: ब्रिटाला जेवताना मदतनीस हवी. ती ते फ्रिजलाही ऐकवायची. फ्रिजने कधी विरोध केला नाही.

बैठकीला आम्ही लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन गेलो. आमच्याकडे भांडायलासुद्धा रिकाम्या हाताने जात नाहीत. टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक लिंडगार्ड, मानसतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, वर्गशिक्षिका, आणि मधोमध विशेष शिक्षणाच्या नव्या प्रमुख, टेक्सासहून आलेल्या किरोगाबाई. आधी सगळ्यांनी ब्रिटाचं इतकं कौतुक केलं, की आता काहीतरी कापणार याची मला खात्री पटली.

पण किरोगाबाई म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीतही मदतनीस ठेवावी असं मला वाटतं. चालेल ना?"

नकाराची तयारी आम्ही जय्यत केली होती. कोणी आपणहून देईल, याची तयारीच नव्हती.

"छे, नको नको," कार्लीन म्हणाली. "उगाच तुम्हाला कशाला त्रास."

आमच्याकडे साध्या कॉफीलाही दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखी घेतात. टेबलावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळे पुढच्या आग्रहाची वाट बघत बसले. टेक्सासला ठाऊक नव्हतं. किरोगाबाईंनी 'पालकांना नको' असं संगणकावर टाइप केलं आणि त्या शाळेच्या बसच्या विषयाकडे वळल्या. चारचौघांत चूक दाखवणं असभ्यच, म्हणून लिंडगार्डसाहेबांनी एक वडी उचलली.

मी टेबलाखालून कार्लीनला लाथ मारली. तिने माझी माफी मागितली. मग तिला कळलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

"बाई, मघाशी मी नको म्हटलं ना, ते... ते आमच्याकडे म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही परत विचारायचं असतं."

"विचारलं तर हो म्हणाल?"

"नाही, तेव्हाही नकोच म्हणेन. त्यानंतर..." लिंडगार्डसाहेब खोकले. कार्लीनने श्वास घेतला. "राहू दे. विचारू नका. ब्रिटाला जेवताना मदतनीस हवी. पोर रोज उपाशी राहते."

चर्चमध्ये कोणी शिट्टी वाजवावी तसे सगळे दचकले. किरोगाबाईंनी आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. "आणखी काही?"

"नाही, एवढं पुष्कळ... थांबा. हो. तिला वाचनालयात बसून जेवू द्या. तिथे आवाज नसतो."

तेही लिहिलं गेलं.

गाडीशी आल्यावर तिने मला विचारलं, "फार उद्धट दिसलं का रे?"

"फारच. गाव महिनाभर बोलेल."

"बोलू दे," ती म्हणाली. "पोर जेवेल."