पाच कार्डं आणि जुना पोस्ट बॉक्स

शारजात अठरा वर्षं झाली, पण सुट्टी लागली की आमचं विमान एकाच दिशेला जायचं. कंपनी वर्षाला एक तिकीट देते ते मायदेशाचं, त्यामुळे प्रत्येक सुट्टी पुण्यात या घरी नाश्ता आणि त्या घरी जेवण करण्यात संपली. मुलीची बारावी झाली. जुलैअखेर ती आर्किटेक्चर शिकायला पुण्याला जाणार हे ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, "एकदा तरी अशा गावी जाऊ, जिथे आपलं कोणीच नाही."

बकरी ईदची सुट्टी चंद्र दिसल्यावर जाहीर होते. मी अंदाजाने आधीच तिकिटं काढली आणि चंद्राने माझी लाज राखली. आम्ही सायगॉनला निघालो. नकाशावर त्याचं नाव हो चि मिन्ह सिटी आहे, पण तिथले लोकही बोलताना सायगॉनच म्हणतात.

मी बांधकामातला क्वांटिटी सर्व्हेअर. इमारत उभी राहायच्या आधी तिच्यात किती वीट आणि किती लोखंड लागेल ते मोजणं हे माझं काम. साहजिकच सायगॉनचंही वेळापत्रक केलं होतं. एका दिवसात पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, दोन ठिकाणांमध्ये किती मीटर. मुलीने कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ साइट इन्स्पेक्शन."

"साइटवर मी याहून कडक असतो," मी म्हणालो.

सकाळी दहाला आम्ही कासवांच्या देवळात होतो. अंगणात एक हौद, त्यात एकमेकांच्या पाठीवर चढलेली कासवं. मी एक्केचाळीसपर्यंत मोजली, मग ती हलली. आत उदबत्तीचा इतका धूर की डोळ्यांतून पाणी यावं, आणि त्या धुरात छपराला टेकतील असे रंगवलेले द्वारपाल. बायको एका द्वारपालाच्या मिशा बघत उभीच राहिली. मुलगी पायरीवर बसून पेनने काहीतरी काढत होती. आदल्या दिवशी तिने पोस्टकार्डाएवढे पाच कोरे पुठ्ठे घेतले होते. बायको समजली, कॉलेजसाठी काही असेल. मीही तसंच समजलो. वेळापत्रकात कासवांना तीस मिनिटं होती, आम्ही सत्तर घेतली.

त्यामुळे इतिहासाच्या संग्रहालयात पोचायला अकरा एकोणीस झाले. दारावरच्या गार्डने घड्याळ दाखवलं आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपायची खूण केली. साडेअकरा ते एक बंद. आमच्याकडे दुपार म्हणजे एसीतल्या जागा बघायची वेळ. मॉल काय किंवा म्युझियम काय, भर दुपारी बंद असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अकरा मिनिटं आहेत," मी म्हणालो. "यल्ला, चला."

आम्ही तिघं अक्षरशः पळालो. कुठल्या दालनात काय आहे ते मी आधी वाचून ठेवलं होतं, तेवढा गृहपाठ कामी आला. मध्य व्हिएतनामात शेकडो वर्षं चंपा नावाचं राज्य होतं, शिव आणि विष्णू मानणारं. त्यांच्या मूर्तींच्या दालनात शिरलो आणि समोर गणपती. दगडाचा, बसका, सोंड थोडी झिजलेली, पण ओळखायला अर्धा सेकंदही लागू नये असा. घरापासून साडेपाच हजार किलोमीटरवर. 

बायकोने चपला काढल्या.

"आई, धिस इज अ म्युझियम," मुलगी कुजबुजली.

"माहितीय मला. हे म्युझियम आहे हे त्याला माहितीय का?"

मागून गार्ड येत होता. त्याने चपलांकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं आणि हसून पाठ फिरवली. दरवाजा अकरा सदतीसला बंद झाला. ती सात मिनिटं त्याने पदरची दिली.

तिसरं ठिकाण बाजाराजवळचं मारियम्मनचं देऊळ. जुन्या काळी आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, रंगीत गोपुराचं. आत तमिळ माणूस एकही दिसला नाही, सगळे व्हिएतनामी भक्त. गाभाऱ्यामागे दगडी भिंत आहे. लोक तिला कपाळ टेकून देवीला मनातलं सांगतात. एका वयस्क बाईंनी बायकोचा हात धरला आणि कपाळ कुठे टेकायचं ते दाखवलं. बायको टेकून बोलत राहिली. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"एवढं काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगायचं असतं तर भिंतीला कशाला सांगितलं असतं?"

"आई, व्हिच लँग्वेज?"

"मराठीच. तिला एवढ्या लोकांचं कळतं, माझं नाही का कळणार?"

पुढे फ्रेंचांनी बांधलेलं लाल विटांचं चर्च. दुरुस्ती चालू असल्याने त्याच्याभोवती परांची होती. लोक नाराज होऊन परांची टाळून फोटो घेत होते. मी मात्र खूश. इतकी नीट बांधलेली परांची मी दुबईतही क्वचित पाहिली. मान वर करून मजले मोजत होतो, मधूनमधून घड्याळ बघत होतो. मुलगी समोरच्या झाडाखाली बसून चौथं कार्ड संपवत होती.

आणि पलीकडे मोठं पोस्ट. पिवळ्या भिंती, हिरव्या खिडक्या, आत आगगाडीच्या स्टेशनासारखं लोखंडी कमानींचं छप्पर. दोन्ही बाजूंना भिंतीवर रंगवलेले जुने नकाशे, टेलिफोनच्या लाकडी खोल्या आणि त्यांच्यावर जगातल्या शहरांची घड्याळं. बायको नकाशांपाशी थांबली होती, मी आमच्या गल्फचं घड्याळ शोधत होतो, तेवढ्यात मुलीने मला बाकाकडे ओढलं.

"आई येण्याआधी ऐक. ही पाच कार्डं तिच्यासाठी आहेत. मी गेल्यावर तिला मिळायला हवीत. पोस्टाने. स्टॅम्प वगैरे सगळं."

"हातानेच ठेवून जा की घरी."

"बाबा, मला आयुष्यात एकदाही कोणी पत्र पाठवलं नाही. तिला तरी येऊ दे. लवकर आली तर तू लपवून ठेव, मग दर आठवड्याला एक दे."

मग मला ती कार्डं नीट दिसली. कासवं, गणपती, भिंतीला टेकलेली आईची पाठ, चर्च, आणि नुकतंच सुरू केलेलं छप्पर. कॉपी नाही, फोटो नाही. एवढीच पाच.

"पत्ता सांग," ती म्हणाली.

आमच्याकडे पोस्टमन दारात येत नाही. टपाल येतं पोस्ट बॉक्समध्ये, आणि नोकरदाराचा बॉक्स म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचा बॉक्स. शारजात वाढलेल्या मुलीला टॉवरचं नाव आणि फ्लॅट नंबर पाठ, बॉक्सचा नंबर नाही. मी दुबईतल्या ऑफिसच्या बॉक्सचे पाच आकडे घडाघडा सांगितले.

"फोनमध्ये चेक कर ना."

"आकडे मी चेक करत नाही, मी सांगतो."

छप्पर पुरं करून तिने पाचही कार्डांवर नंबर, त्याखाली दुबई, यूएई लिहिलं आणि वर देवनागरीत एकच शब्द, 'आई'. काउंटरवरच्या बाईंनी तिकिटं चिकटवली, पाचदा ठाप-ठाप शिक्के मारले. मुलगी प्रत्येक ठाप्याला टाचा उचलत होती. दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही सतरा हजार पावलं चाललो आणि कोणी कुरकुरलं नाही.

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमध्ये एका पत्रावर सही करत होतो. तळाशी कंपनीचा पोस्ट बॉक्स छापलेला होता. मी तो वाचला, पुन्हा वाचला आणि हातातलं पेन ठेवलं. मी सांगितलेला नंबर जुन्या कंपनीचा होता.

तिथे मी चौदा वर्षं होतो. दोन वर्षांपूर्वी दोन ओळींच्या ईमेलने माझी जागा रद्द झाली. त्या दिवशी सामान घेऊन उतरलो तेव्हा ठरवलं होतं, हा जिना पुन्हा चढायचा नाही. दुबईतला तो रस्ताही मी टाळतो, अकरा मिनिटं जास्त लागली तरी.

मुलीला लिफ्टमध्ये सांगितलं, कारण आई घरात होती. आमचा मजला सतरावा. नवव्याला ती माझ्याकडे वळली.

"तू? नंबर चुकलास?"

"चुकलो."

तेराव्याला म्हणाली, "मग आता तिथे जाणार?" जुन्या कंपनीचं नाव घरात कोणी काढत नाही, ते तिलाही माहीत होतं.

"बघतो."

"बाबा, परत काढता येणार नाहीत मला. ती भिंत, तो गार्ड, आईच्या चपला. परत नाही जमणार."

आठ दिवस मी बघतोच म्हणत राहिलो. नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो जिना चढलो. बावीस पायऱ्या, तेवढ्याच.

रिसेप्शनला जुने मंदूब बसले होते. मंदूब म्हणजे व्हिसा, लायसन्स अशी सरकारी कामं आणि टपाल बघणारे गृहस्थ. केरळचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मागच्या बोर्डावर चार कार्डं टाचणीने लावलेली होती.

"देर किया सर. बारह दिन से लटका है."

"आपको कैसे पता मेरा है? नाम तो लिखा नहीं."

त्यांनी चर्चच्या कार्डावर बोट ठेवलं. परांचीखाली एक बुटका माणूस उभा होता. खिशात दोन पेनं, मान वर, डावं मनगट नाकासमोर. मी ते कार्ड सायगॉनमध्येही पाहिलं होतं, पण परांचीच बघितली होती.

"ऐसा घड़ी कौन देखता है?" ते म्हणाले. "एक आदमी आया, बोला, किसका है, फेंक दो. मैं बोला, हबीबी, यह अपना सर है. फ़ोन नंबर आपका बदल गया, तो इंतज़ार किया."

चहा आला. मी दोन कप प्यायलो, त्यांना नवा फोन नंबर दिला आणि वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटं बसलो. पाचवं, भिंतीचं कार्ड आलं नव्हतं. "आएगा, इन्शाल्ला," म्हणाले.

जुलैअखेर मुलगी गेली. पहिल्या शुक्रवारी मी गणपतीचं कार्ड घरी नेलं आणि अगदी सहज, बिलं ठेवावीत तसं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बायकोने बराच वेळ ते हातात धरलं. मग उलटं केलं.

"हा नंबर जुन्या ऑफिसचा आहे."

अठरा वर्षांत तिने एकदाही बॉक्सचा नंबर विचारला नव्हता.

"म्हणजे तू वर गेलास?"

"गेलो."

"आणि हे कोणी सांभाळलं?"

सगळं सांगावं लागलं. कासवं, चर्च, छप्पर, तिन्ही कार्डं त्याच संध्याकाळी बॅगेतून काढावी लागली. मुलीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती म्हणाली, "बाबा, दर आठवड्याला एक द्यायचं होतंस! यू हॅड वन जॉब." पण हसत होती, आणि तिच्या आईने कार्डं स्क्रीनच्या इतकी जवळ धरली होती की तिला आमच्यापैकी कोणी दिसतच नव्हतं.

गेल्या मंगळवारी फोन आला. "सर, आ गया. दीवार वाला."

मी म्हणालो, उद्या येऊन घेतो. बायकोने हातवारे करून मला थांबवलं. "शनिवारी जाऊ म्हणावं. मी येणार. मला त्यांना भेटायचंय." शनिवारी त्यांचं ऑफिस एक वाजेपर्यंत असतं, हे तिला आता माहीत आहे. शुक्रवारी दुपारभर ती चकल्या तळत होती. डबा भरल्यावर मी वजन विचारलं, तर तिने झाकण लावून टाकलं.

आज शनिवार. मी गाडीची किल्ली घेतली, ती चपला घालून माझ्या आधी लिफ्टपाशी उभी आहे आणि विचारते आहे, तिथे पायऱ्या किती आहेत.

"बावीस," मी म्हणालो.