दीड वाजता झोपणारा सर्व्हर

किस्से जमवायला लांब कुठे जावं लागत नाही. एखाद्या दवाखान्याच्या बाकावर रोज तासभर बसा, वर्षभरात पोतंभर जमतात. मी तर जयपूरला डॉ. देशकरांच्या तिलक नगरच्या दवाखान्यात आठ वर्षं बसलो, आणि तेही तब्येत ठणठणीत असताना! डॉक्टर अमरावतीचे, मी अकोल्याचा. परमुलखात एवढं नातं पुरतं. रेल्वेतली ड्यूटी संपली की माझा चहा त्यांच्याकडे. त्या पोत्यातले आज फक्त सर्व्हरचे काढतो.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. डॉक्टर आणि वहिनी, दोघंही डॉक्टर. शेजारशेजारच्या खोल्यांत बसायचे. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "वानखेडे, सर्व्हर घ्यायचा म्हणतो. दोन्ही खोल्यांत आणि काउंटरवर एकच रेकॉर्ड दिसलं पाहिजे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकायची, ते तुम्ही ठरवा."

"मी?"

"मग कोण? दिवसभर कॉम्प्युटरसमोरच तर बसून राहिले तुम्ही!"

मी बसायचो रिझर्व्हेशनच्या खिडकीत. नाव-वय टाकलं की तिकीट बाहेर येतं, एवढंच मला त्या यंत्रातलं ठाऊक. पण तेवढ्यात वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली, आणि पोहे खाऊन नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही.

*

खरी अडचण सर्व्हरची नव्हतीच. ती होती भंवरलालजींची.

भंवरलालजी म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. दवाखाना उघडला तेव्हापासूनचे, म्हणजे सव्वीस वर्षांपासूनचे. रुग्णांची कार्डं भरलेली चार कपाटं त्यांच्या ताब्यात. ना अकारविल्हे, ना नंबरवार. पण नाव घ्या, अर्ध्या मिनिटात कार्ड टेबलावर!

त्यांचा क्रम होता नात्यागोत्याचा. जवाहर नगरची मुलगी लग्न होऊन सिव्हिल लाइन्सला गेली, की तिचं कार्डही एका कपाटातून दुसऱ्या कपाटात सासरी जायचं. एकदा वहिनींना एका गरोदर बाईचं कार्ड सापडेना. भंवरलालजींनी पहिल्या कपाटातून शांतपणे काढून दिलं. "वहाँ नहीं मिलेगा, मैडमजी. जापे के लिए पीहर आई हुई है ना!"

बाळंतपणाला बाई माहेरी आली, तर कार्डही माहेरी!

पण त्यांना मोतीबिंदू झाला होता. कार्ड नाकाला लावून वाचायचे. त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून सर्व्हर. त्यांनी अर्थ नेमका उलटा घेतला. "साब, जिस दिन मशीन कार्ड ढूँढेगी, उस दिन मैं गाँव चला जाऊँगा."

डॉक्टरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मला म्हणाले, "हा माणूस गेला तर मला इथे करमणार नाही, वानखेडे. पण हे त्यांच्या तोंडावर बोलता येत नाही ना." सव्वीस वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाला असलं काही सांगायचं तरी कसं?

*

मी दोन जाणकार बोलावले. एक सोनीजी, कॉम्प्युटरचे दुकानदार, विंडोजवाले. दुसरे माथुर सर, कॉलेजात शिकवणारे, लिनक्सवाले. दोघांना एकाच वेळी बोलावलं, ही माझी घोडचूक!

भर ओपीडीत वाद पेटला. बाकावरचे रुग्णही दोन पार्ट्यांत वाटले गेले. एक आजोबा आत गेले तर बीपी एकशे सत्तर. डॉक्टरांनी विचारलं, "क्या हुआ?" आजोबा म्हणाले, "मैं माथुर साहब की तरफ़ हूँ!"

माथुर सर सांगत होते, "डॉक्टर साहब, लिनक्स मुफ़्त है." वहिनींचा फुकट वस्तूवर विश्वास नव्हता. "हे म्हणजे औषध कंपन्यांच्या सॅम्पलसारखं. संपलं की काय करायचं?"

मी भाषांतर करून सांगितलं. माथुर सरांनी हात जोडले. "भाभीजी, ये सैंपल ख़तम ही नहीं होता!"

वहिनींचा संशय त्यामुळे आणखी वाढला. न संपणारं सॅम्पल त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

*

शेवटी ठरलं, दोन्ही सिस्टिम एकेक आठवडा चालवून बघायच्या. पहिला आठवडा सोनीजींचा. रोज दुपारी पावणेदोनच्या सुमाराला सर्व्हर आडवा! दुसरा आठवडा माथुर सरांचा. पुन्हा तेच, पुन्हा त्याच वेळेला! सोनीजी हार्डवेअरला दोष देऊ लागले. माथुर सर वायरी तपासू लागले. वहिनी म्हणाल्या, त्या कोपऱ्याची दिशाच बरोबर नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी दुपारी तिथेच बसून राहिलो. दीड वाजला. डॉक्टर-वहिनी जेवायला घरी गेले. भंवरलालजींनी खिडक्या लावल्या, पाण्याचा माठ झाकला, मग भिंतीजवळ जाऊन अख्ख्या दवाखान्याचा मेन स्विच खट्कन खाली ओढला. त्याला हात जोडले आणि निघाले. सर्व्हरचा यूपीएस पंधरा मिनिटं टूं-टूं करत रडला आणि गप्प झाला!

मी संध्याकाळी सगळ्यांसमोर भांडं फोडलं. भंवरलालजी चकित. "छब्बीस साल से बंद करता हूँ. साब का ही हुकम है!"

डॉक्टरांना आठवलं. दवाखाना उघडला त्या आठवड्यात दुपारभर पंखा चालू राहिला होता, तेव्हा ते एकदाच ओरडले होते. हुकूम देऊन विसरले. भंवरलालजी विसरले नाहीत.

*

आता दोघांपैकी निवडायचं कोणाला? परीक्षेत दोघेही नापास, आणि तेही आमच्याच पेपरात! सर्व्हरसाठी वेगळी लाइन ओढायचं ठरलं. तेव्हा भंवरलालजींनी सर्व्हरबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारला. "बत्ती फिर भी गई, और ये सो गया, तो उठाएगा कौन?"

सोनीजी म्हणाले, "फ़ोन कीजिए, हमारा आदमी आ जाएगा."

माथुर सर म्हणाले, "आप उठाएँगे, भंवरलालजी. इसमें एक मालिक होता है, जिसके पास सारी चाबियाँ होती हैं. उसका पासवर्ड आप रखिए."

डॉक्टर ताडकन म्हणाले, "लिनक्स!"

मालकाची किल्ली दोन्हींत असते, हे मला फार नंतर कळलं. पण सोनीजींनी ती भंवरलालजींना देऊ केली नव्हती.

माथुर सरांनी समजावलं, "ऐसा शब्द रखिए, जो आप कभी भूलें नहीं और कोई दूसरा जाने नहीं." भंवरलालजींनी आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. मग नाक की-बोर्डला टेकवून एका बोटानं टाइप करत बसले. तेवढ्या वेळात माझी भिंतीवरची सगळी डोळे तपासायची अक्षरं पाठ झाली.

*

कार्डं मशीनमध्ये चढायला लागली. एका म्हाताऱ्या माजींपाशी गाडी अडली. स्क्रीनवर पतीच्या नावाचा रकाना, तो भरल्याशिवाय मशीन पुढे सरकेना, आणि माजी काही नवऱ्याचं नाव घेईनात! वहिनींनी विनवलं, तर पदर आणखी पुढे ओढला.

"वोई," माजी म्हणाल्या, "जिनको शुगर है."

भंवरलालजींनी मान हलवली आणि नाव टाइप केलं. मशीन पुढे सरकलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. पण गावी जायचं भंवरलालजींच्या मनातून काही उतरलं नव्हतं.

*

शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या खुर्चीची उशी काखेत घेतली, डबा उचलला. "मशीन चल गई, साब. आँख खुलते ही सीधा गाँव." डॉक्टर नुसते "हूँ" म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला!

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतली वीज दोन तास गेली. आली तेव्हा सर्व्हर उठला आणि पासवर्ड मागत बसला. बाहेर बाकावर वीस माणसं. डॉक्टरांनी भंवरलालजींच्या घरी फोन लावला.

"फ़ोन पर नहीं बोलूँगा, साब. माथुर सर ने मना किया है!"

"अरे, तो मैं करूँ क्या?"

"पहली अलमारी, सबसे नीचे का ख़ाना, सबसे पीछे वाला कार्ड. उस पर आपने जो लिखा है, वही अंगरेज़ी अक्षरों में मार दो."

डॉक्टर गुडघे टेकून खाली बसले. कार्ड निघालं, पिवळं पडलेलं. नंबर एक. नाव भंवरलाल, वय चौतीस, तीन दिवस ताप. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पहिला पेशंट हे होते?"

"उद्घाटनाच्या दिवशी तेवढा एकच आला होता. कंपाउंडर नंतर झाले," डॉक्टर म्हणाले.

औषधांच्या खाली, त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात, तीन शब्द होते: कल फिर आना.

डॉक्टरांनी ते एका बोटानं टाइप केले. सर्व्हर उघडला. मग त्यांनी कार्ड हातात धरूनच पुन्हा फोन उचलला.

"भंवरलालजी," ते म्हणाले, "कल फिर आना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डोळ्यावर हिरवं झापड लावलेले भंवरलालजी दवाखान्याचं कुलूप उघडत होते. काखेत उशी होती.